अत्तारबाईंचा गोळा

अत्तारबाई माणसाला भेटल्या की आधी त्याची भिंत बघायच्या. घराची नव्हे, माणसाची. आमच्या कॉलेजात नवे प्राचार्य आले तेव्हा हारतुरे झाले, भाषणं झाली, आणि चहाच्या वेळी बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "सर, भिंत पार लाकूड झालीय. ह्यांच्याकडनं नवं काय फुटायचं न्हाय." त्या प्राचार्यांनी निवृत्तीपर्यंत खरोखरच नवं काही केलं नाही. पण ते कुठले प्राचार्य करतात, म्हणून मी त्याचं श्रेय बाईंच्या शास्त्राला दिलं नाही.

बाई वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, मी गणित. शिवाय आमची घरं एकाच गल्लीत समोरासमोर. त्यामुळे भिंतीचं शास्त्र मला ऐकावंच लागलं. झाडाच्या प्रत्येक पेशीला म्हणे स्वतःची भिंत असते. पेशी कोवळी असते तोवर ती मऊ असते, ताणली जाते. पुढे तिच्यात हळूहळू लाकूड भरत जातं. झाडाचा एखादा कोवळा तुकडा कापून बाटलीतल्या खाद्यावर ठेवला, तर त्याचा एक बेढब गोळा वाढतो. त्या गोळ्यातल्या भिंती मऊ असल्या तर त्यातून कोंब येतो आणि अख्खं झाड उभं राहतं. भिंती कडक झाल्या की गोळा नुसता गोळाच राहतो.

"कच्च्या मडक्याला आकार देता येतोय," बाई म्हणायच्या. "भाजलेल्याला काय देणार, कपाळ?"

कॉलेजात या कामाला जागा नव्हती, म्हणून बाईंनी घरातली पुढची खोली प्रयोगशाळा केली होती. सुताराकडून काचेची एक पेटी करून घेतली होती, हात घालायला दोन भोकं ठेवलेली. घरातला प्रेशर कुकर बाटल्या उकळायला. सकाळ-संध्याकाळ त्याच्या शिट्ट्या वाजायच्या, आणि एकटी बाई रोज एवढं मटण शिजवते तरी कुणासाठी, असा गल्लीतल्या बायकांना प्रश्न पडायचा. बाईंची स्वतःची डाळ मात्र साध्या पातेल्यात तासभर रटरटत असायची.

आडनाव अत्तार, वडिलांचा जन्मभर अत्तराचा धंदा, आणि बाईंच्या अंगाला कायम स्पिरिटचा वास. गल्लीत नव्यानं आलेल्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई घेतात का हो?" मी म्हटलं, "घेतात, पण हाताला लावायला." त्यांचा विश्वास बसला नसावा.

पेटीत बाटली उघडली की बाईंचा हुकूम सुटायचा, "तोंड मिटा!" बोलताना थुंकी उडते, थुंकीतून बुरशी जाते, बुरशीनं बाटली नासते. आता आमच्या कोल्हापुरात कुजबूजसुद्धा पलीकडच्या गल्लीत ऐकू जाते. तिथं गप्प बसायला सांगणं म्हणजे माणसाला दम कोंडून मारणंच. पण एकदा तालमीतले चार पैलवान बाईंचं लोखंडी कपाट हलवायला आले, तर बाईंनी चौघांच्याही तोंडाला रुमाल बांधले. इतकं मुकाट्यानं ओझं वाहताना मी पैलवान आयुष्यात पाहिले नाहीत.

त्या काळी गल्लीत फ्रीज होता तो आमच्याकडे. त्याचा खालचा कप्पा बाईंनी कधी बळकावला ते आम्हाला कळलंच नाही. तिथं खाद्याच्या बाटल्या असायच्या: पाणी, साखर, क्षार, नारळाचं पाणी, आणि हे सगळं घट्ट धरायला चायना ग्रास. त्यांच्या मागे एक वेगळी बाटली असायची. तिच्यात शिळ्या पिठल्यासारखा दिसणारा एक गोळा. तसाच एक त्यांच्या घरी होता. "एक माझ्याकडं, एक तुमच्याकडं," त्या माझ्या बायकोला, कुसुमला, सांगायच्या. "माझ्या घराला आग लागली तर, वहिनी?" आमच्या घराला लागणार नाही, असा त्यांना कसा काय भरवसा होता कुणास ठाऊक.

एका उन्हाळ्यात माझे मावसभाऊ दत्तूअण्णा गडहिंग्लजहून आले. अण्णांचा गुळाचा व्यापार, त्यामुळे गोडावर त्यांचा वंशपरंपरागत हक्क. कुसुम मंडईत गेलेली, मी जेवून आडवा झालेलो. अण्णांनी गार पाण्यासाठी फ्रीज उघडला. मी जागा होऊन बघतो तर अण्णा चमच्यानं एका बाटलीचा तळ खरवडतायत.

"वहिनींचा हात बिघडलाय बघ," ते म्हणाले. "चायना ग्रास झालाय घट्ट, पर गोडाला कमी हाय. आन् मिठाचं बोट लागलंय."

मी तसाच समोर धावलो. बाई अनवाणीच आल्या, तोंडावर रुमाल तसाच. अण्णांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. फ्रीजपुढे वाकून त्यांनी मागची बाटली काढली आणि उजेडात धरली. गोळा जागच्या जागी होता. बाई तिथंच स्वयंपाकघरात फरशीवर बसल्या आणि त्यांनी बाटली पदरात घेतली. इतक्या घाबरलेल्या मी त्यांना कधी पाहिल्या नव्हत्या.

अण्णांचा चेहरा उतरला. "बाई, मला काय हुईल का?"

"काय हुतंय तुमाला! मुळं फुटायची दवा हाय त्यात जराशी. लई येळ एका जागी उभं ऱ्हाऊ नका म्हंजे झालं."

त्या दिवशी अण्णा एस्टीची वेळ होईपर्यंत खाटेवर मांडी घालून बसले.

कुसुम आल्यावर तिनं चहा टाकला, आणि त्या गोळ्याची हकीकत बाईंनी त्या चहाबरोबर सांगितली. तो गुलाबाचा गोळा होता. गडमुडशिंगीला त्यांच्या घरापुढे वडिलांनी लावलेला देशी गुलाब. दिवसभर अत्तर विकून आले की ते संध्याकाळी त्या झाडापाशी बसायचे. बाटलीतला वास विकायचा आणि हा घ्यायचा, म्हणायचे. पोरीला पुढं शिकवू नका म्हणून सगळी भावकी उठली, तेव्हा हा एकटा माणूस तिच्या बाजूनं उभा राहिला होता. ते गेले. चाळिसाव्या दिवसाला बाई गावी गेल्या, तर धाकट्या भावानं, शौकतनं, नवी खोली काढायला घेतलेली. गुलाबाच्या जागी पाया खणलेला. बाईंनी भावाला एक शब्द विचारला नाही. विटांच्या ढिगावर एक मोडकी काडी पडली होती, ती ओल्या रुमालात गुंडाळली आणि मिळेल त्या गाडीनं परत आल्या. नंतर त्यांनी त्या घराचा उंबरा ओलांडला नाही.

त्या काडीचा हा गोळा. गुलाब जात मुळात हट्टी. खाद्य बदललं, उजेड बदलला, नारळ बदलले; कोंब काही आला नाही. दर महिन्याला बाई गोळ्याचा ताजा तुकडा नव्या बाटलीत घालत आणि वाट बघत.

"सूक्ष्मदर्शकाखाली बघितलंय मी," त्या म्हणाल्या. "भिंती कडक होत चालल्यात. शास्त्र म्हणतंय, संपलं. पण त्या झाडाचं जगात दुसरं काय उरलंय, वहिनी? नासला तर अब्बा दुसऱ्यांदा गेले असं वाटंल मला."

"आणि भाऊ?" कुसुमनं विचारलं.

"त्याची भिंत बघायचीच न्हाय मला."

मला बाईंची फार कणव आली, आणि थोडा रागही. जगाच्या भिंती तपासत फिरणाऱ्या या बाईला आपली स्वतःची भिंत दिसू नये!

त्यानंतर काही वर्षांनी, एका रविवारी सकाळी, आमच्या दारात एक मनुष्य सायकल धरून उभा राहिला. कॅरिअरला सुतळीनं डालड्याचा डबा बांधलेला, त्यात पोत्याच्या तुकड्याखाली झाकलेलं काहीतरी.

"पावणं, फरिदा अत्तार हितंच ऱ्हात्यात न्हवं? मी त्यांचा भाऊ, शौकत."

मी समोरचं घर दाखवलं. तो हलेना.

"तुमी बी चला की. एकटा गेलो तर दार लावून घील ती."

म्हणून आम्ही दोघं नवरा-बायको त्याच्याबरोबर गेलो. बाई दारात आल्या, रुमाल तोंडावरच. शौकतनं डबा पायरीवर ठेवला आणि त्यावरचं पोतं काढलं. हातभर उंचीचं रोप, वर एकच फिकट गुलाबी फूल.

"आपा, थोरलीचं लगीन ठरलंय. आत्याबिगर कसं करायचं?"

बाईंचं त्याच्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. "ह्ये कुठलं?"

"कुठलं म्हंजे? अब्बांचंच. पाया खणायच्या आदी मुळासकट काढलं, आन् उचगावला मी कामाला हाय त्या कारखान्यात नळापाशी लावलं. चांगलं डोक्याएवढं झालंय. त्याचीच फांदी ही."

"मग मला सांगितलं का न्हाईस?"

"तू इचारलंस कुठं? आलीस, काडी उचललीस, गेलीस. मला वाटलं, आपली वाटणी घेऊन गेली."

मला शांतता सोसत नाही, म्हणून मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. बाईंनी हात वर केला.

"तोंड मिटा."

आत पेटी बंद होती. एकही बाटली उघडी नव्हती. तरी आम्ही तिघंही तोंडं मिटून उभे राहिलो. बाई खाली वाकल्या आणि त्यांनी त्या फुलाचा वास घेतला. नाकावरचा रुमाल काढायचा राहिलाय, हे त्यांच्या बऱ्याच वेळानं ध्यानात आलं.

बाई लग्नाला गेल्या. चांगल्या आठ दिवस राहिल्या. गुलाब त्यांच्या दारात लागला आणि रुजलाही. मला वाटलं, चला, आमच्या फ्रीजचा कप्पा मोकळा झाला. पण पुढच्या महिन्यात सहज डोकावलो, तर पेटीत हात घालून बाई गोळ्याचा ताजा तुकडा नव्या बाटलीत घालत होत्या. बूच बसेपर्यंत मी तोंड मिटून उभा राहिलो. मग म्हटलं, "आता कशाला हा खटाटोप? झाड तर मिळालं. भिंती लाकूड झाल्यात, तुम्हीच म्हणता. याला कोंब काही फुटायचा नाही."

बाईंनी रुमाल सोडला.

"न फुटू दे की. फुटलंच पाहिजे असं कुठं हाय, सर? एवढी वर्षं ह्या घरात माझ्यासंगं ह्योच तर हाय. झाड मिळालं म्हणून आता ह्याला टाकू व्हय?"

बाईंनी दुसरी बाटली पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली.

"मागच्या बाजूला ठेवा," त्या म्हणाल्या. "पावणं येत्यात तुमच्याकडं."