गॅलरीभर कॉम्प्युटर

आमच्या घाटकोपरच्या चाळीत दिन्या मांजरेकर कुणाच्याही दारासमोर उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि पुटपुटायचा. नवे भाडेकरू घाबरायचे. जुने म्हणायचे, "काय नाय, पोरगा कॉम्प्युटर शिकतोय."

दोष दिन्याचा नव्हता, क्लासवाल्याचा होता, हे मी आधीच ठणकावून सांगतो. फी भरमसाट, अख्ख्या बॅचला मशीन एकच आणि नोट्स टेबलाला दोरीने बांधलेल्या! घरी न्यायच्या नाहीत, उतरवूनही घ्यायच्या नाहीत. ज्ञान म्हणजे काय यांच्या तीर्थरूपांची जहागीर? मी पत्रक काढलं, 'नोट्स आमच्या हक्काच्या!' दिन्याला म्हटलं, सही कर.

"तू लढ रे. माझी सोय झालीय."

सोय म्हणजे आमची चाळ. क्लासात वाचलेलं विसरू नये म्हणून त्याने एकेक कमांड एकेका खोलीत नेऊन ठेवली होती. दाराशी बसून सगळ्यांच्या बातम्या गोळा करणाऱ्या लाडबाई म्हणजे इनपुट. त्याच बातम्या नळावर जाहीर करणाऱ्या कदमकाकू, प्रिंट. 'जर'शिवाय तोंड न उघडणारे परब, इफ. संपाची तीच गोष्ट फिरून फिरून सांगणारे दळवी आजोबा, लूप. परीक्षेत डोळे मिटून मनातल्या मनात गॅलरीतून चालत जायचं, एकेकाला रामराम करायचा. झकास!

"आणि तुझ्या खोलीत कोण?" मी विचारलं.

"आई."

गिरणी बंद पडली तसे त्याचे आईवडील मालवणकडे गावी गेले होते. खोलीत तो एकटाच. सगळ्यात अवघड प्रोग्रॅम, आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचा, त्याने आईकडे सोपवला होता. ती फळीवरचे डबे तसेच लावायची म्हणे. शेजारचे दोन बघायचे, मोठा आधी असला तर अदलाबदल, मग पुढची जोडी. टोकाला पोचली की पुन्हा पहिल्यापासून.

"क्लासवाला वेगळं काय शिकवतो, सांग!" दिन्या म्हणायचा.

परीक्षेत पहिला येईल त्याला क्लासवाला अंधेरीच्या एका कंपनीत चिकटवणार होता. "नोकरी लागली की दोघांना घेऊन येतो," हे दिन्या ज्याला त्याला सांगत सुटला होता.

पेपरात नेमका तोच आकडे लावायचा प्रोग्रॅम आला. मी क्लासच्या दारात पत्रकं वाटत होतो. दिन्या खाली मान घालून बाहेर आला.

"वाट लागली. कोरा दिला."

मी भडकलोच. "अरे, झोपेत म्हणायचास ना तू!"

"येत होतं रे. लाडबाई, काकू, परब, सगळे भेटले. मग खोलीत शिरलो. आई डबेच लावत होती."

"मग?"

"मला बघून थांबली. म्हणाली, वायच बस, चाय ठेवतंय." "इतक्या दिवसांनी भेटली यार. लगेच कसा उठणार?"