बेरिलचं बाद मत

नॉर्मन विथरिकच्या कोटावरचं उमेदवारीचं रिबिनीचं फूल डाव्या बाजूला जांभळं होतं आणि उजव्या बाजूला जवळजवळ राखाडी. दोन निवडणुकांच्या मधली सगळी वर्षं ते स्वयंपाकघराच्या खिडकीत बियांच्या पाकिटांवर पडलेलं असे आणि त्या खिडकीत ऊन एकाच बाजूने येई. बेरिलची सगळी नोकरी बिटाच्या साखर कारखान्यातल्या प्रयोगशाळेत गेली होती, त्यामुळे कुठला रंग किती उडाला हे तिच्या आपोआप लक्षात यायचं. मतमोजणीच्या दालनात नवऱ्याशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ती फुलाकडे बघत होती. आणखी एक मुदत, की हे पुरतं पांढरं होणार, असं तिच्या मनात आलं आणि तिला एकदम थकल्यासारखं झालं.

जिल्हा परिषदेची मोजणी नेहमीप्रमाणे क्रीडा केंद्रातल्या बॅडमिंटनच्या दालनात चालली होती. पलीकडे पोहण्याचा तलाव होता. भिंतीतून क्लोरीनचा वास येत होता आणि पाण्यात व्यायाम करणाऱ्या म्हाताऱ्या बायकांसाठी लावलेलं ढॅणढॅण संगीत. बाहेर सकाळपासून भुरभुर चालू होती. मे महिना होता, पण सांगितल्याशिवाय कुणाला कळलं नसतं.

"लोक मतदानालाच आले नाहीत," नॉर्मन म्हणाला. "पाऊस."

"काल पाऊस नव्हता."

"पडेलसं वाटत होतं ना पण. तेवढं पुरतं लोकांना."

बेरिलच्या हातातल्या पर्समध्ये फोन होता आणि फोनमध्ये भाच्याचा निरोप. बेरिलची बहीण हिवाळ्यात गेली. शेरिंगमला समुद्राजवळ तिचं छोटं बैठं घर होतं. मावशीने आणि काकांनी तिथे राहायला यावं अशी भाच्याची, सायमनची, इच्छा होती. नाहीतर तो भाडेकरू ठेवणार होता, आणि भाडेकरू शोधून ठेवलेलाही होता. स्वयंपाकघरात सिंकच्या डाव्या टोकाला उभं राहिलं तर समुद्र दिसायचा. फार नाही, भांडी घासताना पुरेल एवढा. सायमनने नाताळच्या सुमारास विचारलं, मग ईस्टरला विचारलं. दोन्ही वेळेला नॉर्मन म्हणाला होता, "निवडणूक होऊ दे, मग बघू." आता सायमनने लिहिलं होतं, मावशी, आज संध्याकाळपर्यंत सांग, यापुढे मला थांबता येणार नाही.

"आज निकाल लागला की सायमनला काय सांगायचं?" तिने विचारलं.

"निकाल तर लागू दे."

"आणि निवडून आलास तर?"

"तर ही शेवटची." हे तो मागच्या खेपेलाही म्हणाला होता. त्याच्या मागच्या खेपेलाही. प्रत्येक वेळी तो ते अगदी मनापासून म्हणायचा, हीच खरी अडचण होती. खोटं बोलणाऱ्या माणसाशी निदान भांडता येतं.

वेटमूर वॉर्डात यंदा दोनच उमेदवार होते. एक नॉर्मन, कुठल्याच पक्षाचा नाही, गटारं आणि बसथांबे हेच त्याचं राजकारण. दुसरी टॅमसिन यो, गावातली जनावरांची डॉक्टर. बेरिलच्या म्हाताऱ्या कुत्र्याला शेवटचं इंजेक्शन देताना ती जमिनीवर फतकल मारून बसली होती आणि सगळं होईपर्यंत त्याचा कान कुरवाळत राहिली होती. त्यामुळे बेरिलला ती प्रतिस्पर्धी म्हणून मनापासून नकोशी वाटू शकत नव्हती. किंबहुना काल सकाळी गावच्या सभागृहात, दोरीला बांधलेली पेन्सिल हातात घेतली तेव्हा बेरिलच्या मनात टॅमसिनच होती. पुढे तिथे काय झालं ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

पहिली मोजणी झाली. मग दुसरी झाली. निवडणूक अधिकारी मिस्टर ऑल्विन हडल्स्टन हे बारीक आवाजाचे गृहस्थ होते आणि आयुष्यात कुणाचंही मन दुखवू नये अशा बेताने बोलायचे. त्यांनी दोन्ही उमेदवारांना टेबलाशी बोलावलं. बेरिल नवऱ्याची मोजणी प्रतिनिधी होती, म्हणून तीही गेली. नॉर्मनची दुसरी प्रतिनिधी प्रुडन्स लस्बी. गवतावर जड चेंडू घरंगळवण्याच्या क्लबची ती खजिनदार, आणि नॉर्मनची पत्रकं दारोदार वाटण्यात कायम पुढे. ती आधीच तिथे पोचली होती. जांभळा स्कार्फ घालून.

"शंकास्पद मतपत्रिका तेवढ्या राहिल्यात," हडल्स्टन म्हणाले. "एकेक बघू या."

पहिल्या पत्रिकेवर दोन्ही चौकटींवर पसरलेलं डुक्कर काढलेलं होतं. ती बाद झाली. दुसरीवर दोन्ही नावांपुढे 'देवा!' असं लिहिलं होतं. तीही बाद. तिसरीवर नॉर्मनच्या चौकटीत एक छोटा गोल चेहरा होता. त्याचं तोंड खाली वळलेलं होतं.

"हा तर रडतोय," टॅमसिन म्हणाली.

"हो, पण चौकटीच्या आत रडतोय," हडल्स्टन म्हणाले. "एकाच चौकटीत खूण आहे आणि खूण ती खूण. मत मिस्टर विथरिक यांना."

"माझे मतदार असेच आहेत," नॉर्मन अभिमानाने म्हणाला. "आनंदाने कुणीच देत नाही."

अशा करत करत सगळ्या पत्रिका निकालात निघाल्या. हडल्स्टननी बेरीज केली, सहायकाकडून करवून घेतली आणि चष्मा काढला. दोघांची मतं सारखी होती. टेबलावर एकच पत्रिका राहिली होती. त्यांनी ती अलगद सरळ केली.

नॉर्मनच्या चौकटीत स्वच्छ फुली होती. खाली, बारीक, एका उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं: 'ही शेवटची हं, नॉर्मी.'

बेरिलने ते अक्षर ओळखलं, कारण ते तिचंच होतं. काल टॅमसिनच्या नावापुढे नेलेली पेन्सिल शेवटच्या क्षणी वर सरकली होती. इतकी वर्षं ज्याचे शर्ट इस्त्री केले त्याच्याविरुद्ध फुली मारायला हात तयार झाला नाही. हात तयार झाला नाही याचा मग इतका राग आला, की तिने खाली ते लिहून टाकलं. कुणी वाचेल असं तिच्या डोक्यातही नव्हतं. आता सहा माणसं वाकून वाचत होती.

नॉर्मननेही अक्षर ओळखलं. त्याचे कान आधी लाल झाले, आणि पत्रिकेकडे बघायचं सोडून तो एकदम छताकडे बघायला लागला.

"मतदाराचा कल स्पष्ट आहे," हडल्स्टन म्हणाले. "फक्त एकच अडचण. लिहिलेल्या मजकुरावरून मतदार कोण हे ओळखू येत असेल, तर नियमाप्रमाणे मत बाद."

"येतंय की ओळखू!" टॅमसिन म्हणाली. "यांना नॉर्मी कोण म्हणतं सांगा? मी याच गावात वाढले. मिस्टर विथरिक म्हणतात, नॉर्मन म्हणतात, रस्त्यात खड्डा पडला की आणखीही काही म्हणतात. नॉर्मी कधी ऐकलं नाही."

"बरेच जण म्हणतात," नॉर्मन म्हणाला.

"कोण?"

हा प्रश्न बेरिलने विचारला होता. तोंडातून निसटला तेव्हा तिचं तिलाच कळलं.

नॉर्मनने तिच्याकडे असं पाहिलं, की बाई गं, आत्ता नको. "असतात लोक. मला बघून म्हणतात. पाठीमागून म्हणतात."

"पुरुष म्हणतात?" टॅमसिनने विचारलं.

"पुरुष... नाही. म्हणजे, बायकाच जास्त."

"कुठल्या बायका, मिस्टर विथरिक?"

पलीकडच्या भिंतीतून "आणि डावा पाय वर, बायांनो!" असा आवाज आला. इकडे नॉर्मनचं घोडं तिथेच अडलं. आणि मग प्रुडन्सने स्कार्फ नीट केला.

"मी म्हणते," ती म्हणाली. "नॉर्मी. क्लबात आम्ही सगळ्याच म्हणतो त्यांना. 'नॉर्मी, तुमची पाळी,' असं. गेली कित्येक वर्षं."

"बघा," नॉर्मन म्हणाला, पण आवाज जरा दबकाच होता.

हडल्स्टन यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. कुणाचं मन दुखलं नव्हतं असं त्यांना वाटलं. "म्हणजे हे नाव एकाहून अधिक व्यक्ती वापरतात. तेव्हा ओळख पटत नाही. मत वैध धरून मी मिस्टर विथरिक यांना एका मताने—"

बेरिल पत्रिकेकडे बघत होती. गप्प बसलं तर नॉर्मन निवडून येणार, शेरिंगमचं घर भाडेकरूला जाणार, आणि वर तिने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पेन्सिलीने लिहिलेली ओळ प्रुडन्स लस्बीच्या नावावर जमा होणार. पहिल्या दोन गोष्टी तिने गिळल्या असत्या. गिळण्याची तिला सवय होती. तिसरी घशाखाली उतरेना.

"ते मी लिहिलंय," ती म्हणाली.

"मिसेस विथरिक," हडल्स्टन घाईघाईने म्हणाले, "मतदान गुप्त असतं. तुम्ही काही सांगायला बांधील नाही. मला नीट ऐकू आलं नाही असं मी समजू शकतो. ते संगीत फार मोठं आहे."

"मग परत ऐका. ते अक्षर माझं आहे. खात्री करायची तर कागद द्या, पुन्हा लिहून दाखवते. आणि यांना नॉर्मी मी म्हणते, घरी, दार लावून. क्लबात काय म्हणतात ते मला माहीत नाही. आत्ताच ऐकलं."

प्रुडन्सने स्कार्फ पुन्हा नीट केला, पण या वेळी तो आणखी वाकडा झाला.

"बेरिल!" नॉर्मन कळवळून म्हणाला. "अगं, ते माझं मत होतं!"

"माझं होतं," बेरिल म्हणाली.

टॅमसिनने जिंकल्यासारखा चेहरा करायला हवा होता, पण ती बेरिलकडे तशीच बघत होती, जशी त्या कुत्र्याकडे बघत होती. "तुम्ही बसा ना जरा," ती हळूच म्हणाली. "मी चहा आणू?"

मत बाद झालं. मतं समसमान राहिली आणि नियमाप्रमाणे चिठ्ठी काढायची वेळ आली. भांडं शोधायला सहायक पळाला आणि हरवलेल्या वस्तूंच्या पेटीतून पोहण्याची एक रबरी टोपी घेऊन आला. फुलाफुलांची, ओली. हडल्स्टननी दोन चिठ्ठ्या एकसारख्या घड्या घालून तिच्यात टाकल्या. बेरिलने त्या घड्या बारकाईने पाहिल्या. फरक नव्हता. अर्धी शक्यता. अर्धी हा तसा काही वाईट आकडा नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. गेली कित्येक वर्षं तिच्या वाट्याला त्याहून कमीच आली होती. तिने डोळे मिटले, आणि क्लोरीनच्या वासातून उगाच थोडा समुद्र आल्यासारखा वाटला.

"मिस्टर नॉर्मन विथरिक," हडल्स्टननी वाचलं.

टाळ्या वाजल्या, पण पावसाळी हवेतल्या फटाक्यांसारख्या. नॉर्मन उभा राहिला तेव्हा गुडघा दुखत असल्याचं तो विसरला होता. त्याने टॅमसिनशी हात मिळवला, हडल्स्टनशी मिळवला, टोपी धरणाऱ्या सहायकाशीही मिळवला. कुणीतरी लगेच त्याला गाठून सांगायला लागलं, की आमच्या गल्लीतला कचरा गेल्या आठवड्यापासून उचललेला नाही. नॉर्मनचा चेहरा असा काही उजळला, की बेरिलला बघवेना. घरी हा चेहरा तिने बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. घरी फोन वाजला नाही तर तो उठून रिसीव्हर नीट ठेवलाय का ते बघायचा. राग यायला हवा होता. तिला फक्त वाईट वाटलं, त्याच्यासाठी आणि थोडं स्वतःसाठी, आणि दोन्हीत कुठलं जास्त ते ठरेना.

बाहेरच्या बोळात त्याने तिला गाठलं. भिंतीला पोहण्याच्या स्पर्धांची जुनी पत्रकं चिकटवलेली होती आणि जमीन ओल्या पावलांनी घसरडी झाली होती.

"प्रू उगाच म्हणाली हं ते," नॉर्मन म्हणाला. "मतासाठी. मी कधी तिला तसं..."

"हो."

"खरंच सांगतो."

"हो म्हटलं ना."

"तू रागावलीयस."

"नाही. चिठ्ठीवर कसलं रागवायचं?"

"मग झालं तर. अगं, मी तर म्हणतो बरंच झालं. लोक म्हणतील बायकोने स्वतःचं मत बाद करून घेतलं, इतका सचोटीचा माणूस." त्याला ही कल्पना बोलता बोलताच सुचली होती आणि आवडलीही होती. "आणि ही शेवटचीच, बेरिल. अगदी शपथेवर. सायमनला म्हणावं, थोडं थांब. पहिली बैठक होऊ दे, मग बसून बोलू सगळे."

आतून त्याला हाका यायला लागल्या. वार्ताहर आला होता, फोटो काढायचा होता. "आलोच," म्हणत नॉर्मन वळला, दोन पावलं गेला, आणि फोटोत तीही हवी म्हणून परत मागे वळून हात पुढे केला.

बेरिलने त्याला बोटाने थांबायची खूण केली. दुसऱ्या हाताने तिने पर्स उघडून फोन काढला. भाच्याचा नंबर लावला आणि पलीकडून "बोल मावशी" ऐकू आल्यावर ती नेहमीच्या, प्रयोगशाळेतल्या आकड्यांसारख्या सरळ आवाजात बोलली.

"हो, सायमन. घेते मी घर. भाडेकरूला नको सांगून टाक... नाही रे, एकटीच. नॉर्मन निवडून आलाय."