साहेबांनी ब्रेक गप्प केला

ब्रेक दाबला की गाडी किंचाळायची. एरवी गुमान चालायची, पण सिग्नलपाशी ब्रेक लावला की पुढच्या चाकातून असा काही ‘कीं’ आवाज निघायचा की रस्ता ओलांडणारी माणसं दचकून मागे सरायची.

“जावयाला दाखवा,” बायको म्हणाली.

“त्याला काय कळतंय?” साहेब म्हणाले.

जावयाचं गाड्यांच्या दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि साहेबांच्या मते हाच त्याचा मुख्य दोष होता. साहेब स्वतः शाळा तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि त्यातली एकही दुरुस्त केली नाही, कारण ते त्यांच्या कामात बसत नव्हतं. मुलीनं गॅरेजवाल्याशी लग्न केलं तेव्हा त्यांनी चारचौघांत जाहीर केलं होतं, “मी त्या गॅरेजात पाऊल ठेवणार नाही.” मुलीचं घर नेमकं गॅरेजच्या वर. मग गेली दोन वर्षं साहेब गाडी कोपऱ्यावर लावून, नाकाला रुमाल धरून, मागच्या लोखंडी जिन्यानं मुलीकडे जात. “बाबा, एकदा तरी समोरून या हो,” मुलगी दर वेळी काकुळतीला येऊन म्हणायची. साहेब घड्याळात बघायचे.

तर साहेबांनी तपासणी स्वतःच हाती घेतली. बायकोला मागच्या सीटवर बसवलं, काच खाली केली आणि तिला कान बाहेर काढायला लावला.

“कुठून येतोय?”

“चाकातून.”

“ते मलाही कळतं. कुठल्या?”

“तुम्ही बोलायचं थांबलात तर ऐकू येईल.”

पहिल्या दिवशी डिकीतला पाना दोषी ठरला, दुसऱ्या दिवशी बायकोची पाण्याची बाटली. दोघांनाही गाडीतून हाकललं, तरी आवाज होताच. तिसऱ्या दिवशी साहेबांनी जॅक लावून डावं चाक उतरवलं आणि गुन्हेगार सापडला. ब्रेकच्या पॅडला बोटाच्या पेराएवढी एक पत्र्याची पट्टी होती आणि ती चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला घासत होती.

“बघ! बाकी सगळे आपापल्या जागी मुकाट बसलेत. ही एकटीच ओरडतेय.”

“पण मग ती बसवलीय कशाला?”

“कारखान्यातला हलगर्जीपणा. दुसरं काय!”

साहेबांनी आयुष्यभर शाळा अशाच तपासल्या होत्या. गप्प बसलेला वर्ग उत्तम, आणि जो ओरडेल तो बाकावर उभा. मुलांना काही येतं का, हे विचारण्याची वेळ त्यांच्यावर क्वचितच आली. त्याच शिस्तीनं त्यांनी पकडीनं पट्टी पिरगाळली आणि मोडून फेकून दिली.

गाडी गप्प झाली. आठ दिवस साहेब शेजाऱ्यापाजाऱ्यांना गाडीत बसवून ब्रेक ऐकवत होते. मेकॅनिक लोक कसे अडाणी असतात, हे त्याबरोबर फुकट होतं.

नवव्या दिवशी चाकातून ‘घर्रर्र’ ऐकू आलं. “रस्ता खराब आहे,” साहेब म्हणाले. अकराव्या दिवशी गाडी सिग्नलच्या रेषेपुढे दोन हात जाऊन थांबली.

“इथे उतार आहे.”

“मला तर सपाट दिसतंय.”

“तुला कसा दिसेल?”

रविवारी दोघं मुलीकडे निघाले. तो रस्ता मात्र खरोखरच उताराचा होता. कोपऱ्यावर साहेबांनी सवयीनं ब्रेक दाबला. गाडी थांबायला तयार होती, पण साहेबांनी ठरवलेल्या जागी नाही. त्यांनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, वर गाडीला दरडावलंसुद्धा. गाडी घरघरत पुढे गेली, गॅरेजच्या उघड्या दारातून आत शिरली आणि जुन्या टायरांच्या ढिगाला टेकून उभी राहिली.

जावई हातातलं काम टाकून धावला. “बाबा! लागलं नाही ना? उतरा.”

“उतरणार नाही,” साहेब स्टिअरिंग घट्ट धरून म्हणाले. “मी इथे पाऊल ठेवलेलं नाही.”

सासूबाई उतरल्या आणि एका स्टुलावर जाऊन बसल्या. शेवटी जावयानं जॅक लावून साहेबांसकट गाडी उचलली आणि डावं चाक काढलं.

“बाबा, पॅड पार संपलाय. लोखंडावर लोखंड घासतंय. इथे एक पट्टी होती, ती कुठे गेली?”

“आवाज करत होती. काढली.”

जावयानं हातातला पाना खाली ठेवला. “ती आवाज करायलाच असते, बाबा. पॅड संपत आला की ती ओरडून सांगते.”

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. तेवढ्यात आवाज ऐकून मुलगी धावत खाली आली. आता तिच्यादेखत सगळं निघणार, या विचारानं साहेबांना घाम फुटला. उभ्या आयुष्यात त्यांना कोणी नापास केलं नव्हतं.

“काय झालं?” मुलीनं विचारलं.

जावयानं सासऱ्यांकडे पाहिलं. तो चांगला माणूस होता, आणि चांगल्या माणसांना पुढचं दिसत नाही. “काही नाही गं,” तो म्हणाला. “पॅड संपलाय हे बाबांनी अचूक ओळखलं, म्हणून गाडी थेट आत घेऊन आले.”

एखादा माणूस अशा वेळी लाजला असता. साहेबांनी घसा खाकरला, दार उघडलं, खाली उतरले आणि म्हणाले, “टायर असे दारासमोर रचतात का?”

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. “बाबा, तुम्ही आलात! आता रोज या.”

सोमवारी सकाळी नऊच्या ठोक्याला साहेब गॅरेजात हजर झाले. मंगळवारी त्यांनी गॅरेजच्या मधोमध खुर्ची टाकली. बुधवारी एका गिऱ्हाइकाला त्याच्या गाडीतला दोष गाडी न बघताच सांगितला आणि जावयानं काढलेला इंजिनचा एक भाग पुन्हा लावायला लावला. शुक्रवारी दुपारपर्यंत तीन गिऱ्हाइकं समोरच्या गॅरेजात गेली होती आणि जावई एका गाडीखाली जाऊन, काम नसताना, बराच वेळ पडून राहिला होता.

मुलीनं आईला फोन लावला. “आई, बाबांना काहीतरी सांगून घरी बोलावून घे ना गं. मी पाया पडते तुझ्या.”

“छे गं,” आई म्हणाली. “मी आत्ताच जरा आडवी झालेय. सहाच्या आत सोडू नकोस त्यांना.”