लहाने सरांचं स्टॉपवॉच

लहाने सरांना चहा विचारला की ते आधी तुमच्याकडे बघतात, मग गळ्यातल्या स्टॉपवॉचकडे. "इचारताना अडखळल्या मॅडम. मनातून पाजायचा नव्हता." एवढं सांगून झालं की चहा मात्र पितात.

जानेफळच्या आमच्या कॉलेजात ते बारावीला मानसशास्त्र शिकवतात. मी अर्थशास्त्र शिकवते आणि परीक्षांची व्यवस्था बघते. खुर्च्या, वर्ग, पाणी माझ्याकडे. माणसांची मनं त्यांच्याकडे.

त्यांच्या विषयाच्या प्रात्यक्षिकाला बेडूक लागत नाही, माणूस लागतो. त्याला पुस्तकात 'प्रयुक्त' म्हणतात. विद्यार्थ्यानं एकेक शब्द म्हणायचा, प्रयुक्तानं सुचेल तो शब्द लगेच सांगायचा, लागलेला वेळ लिहायचा. सरांना हा प्रयोग इतका आवडतो, की त्यांनी अख्खं गाव प्रयुक्त करून टाकलं. न्हावी झाला, गिरणीवाला झाला. "इचार नोको करू. पह्यलं जे आलं थे सांग." लग्नाच्या पंगतीत वाढप्याला 'आकाश' म्हणाले, तर तो बुंदीची बादली घेऊन तसाच उभा राहिला. आमचे शिपाई रामभाऊ सरांना लांबून पाहिलं की "ढग, मोटर, बैल" म्हणून मोकळे होतात.

यंदाच्या परीक्षेला हे अंगाशी आलं. बारावीतल्या कोमलची मावशी प्रयुक्त म्हणून यायची होती, ती शेतात हरभरा सोंगायला गेली. प्रयोग झाला नाही तर पोरीचे गुण बुडणार. मी रामभाऊंना बसवलं. कोमलनं तोंड उघडायच्या आत त्यांनी सगळी उत्तरं क्रमानं म्हणून दाखवली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी नवे शब्द लिहून दिले. रामभाऊंनी नव्या शब्दांनाही जुनीच उत्तरं दिली. 'बाजार'ला ढग, 'शाळा'ला मोटर. बाईंनी पेन खाली ठेवलं. ज्याच्यावर हा प्रयोग कधीच झालेला नाही असा माणूस आणा, म्हणाल्या.

मी व्हरांड्यात, गेटवर, पानठेल्यावर विचारून आले. सगळीकडे एकच: "आमचं झालं न मॅडम."

राहिले लहाने सर. त्यांना कधी कोणी विचारलंच नव्हतं. यादी नवी होती, म्हणून बाईंनी हरकत घेतली नाही. सरांनी स्टॉपवॉच काढून कोमलच्या हातात दिलं आणि खुर्चीत अंग चोरून बसले.

"सर, इचार नका करू," कोमल म्हणाली. "पह्यलं जे आलं थे सांगा. बाजार."

"पिशवी."

"शाळा."

"घंटा."

"घर."

"कुलूप." हे सगळ्यात झटकन आलं.

कोमलचं पेन जरा थांबलं, मग तिनं लिहिलं.

"सण."

सर खिडकीबाहेर बघू लागले. स्टॉपवॉच चालत राहिलं.

"उत्तर आलं नाई तं नुसता वेळ लिहायचा, पोरी," सर हळूच म्हणाले. "गुण जात नाई."

प्रयोग पुरा झाला, गुण वाचले. मी खुर्च्या आवरत होते तेव्हा कोमल स्टॉपवॉच घेऊन सरांकडे आली.

"सर, पाडव्याले आमच्या घरी जेवाले या. मायनं सांगतलं हाय."

तिची माय सकाळपासून वावरात होती.

सरांचा हात सवयीनं गळ्याकडे गेला. स्टॉपवॉच अजून तिच्याच हातात होतं.

"अडखळली नाई तू," ते म्हणाले.