बॅटरीवरचा पहारा

नामदेवभाऊंशी ओळख करून घ्यायची, तर आधी दोन्ही तळहात पुढे करावे लागत. मी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून रुजू व्हायला आलो, तेव्हा ट्रंक खाली ठेवायच्या आतच त्यांनी माझे हात उलटसुलट करून पाहिले, नाकाशी नेऊन हुंगले आणि काहीसे नाराज होऊन सोडून दिले. "अजून तं साफ हायेत," ते म्हणाले. त्या 'अजून'मध्ये माझ्या पुढच्या सगळ्या नोकरीबद्दलचं त्यांचं मत आलं होतं.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. चांदा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी आमचा लहानसा दवाखाना, आणि दवाखान्याला युद्धातून उरलेली एक जीप. नामदेवभाऊ तिचे ड्रायव्हर. अंगाने काटक, खाकी सदऱ्याची गळ्यापर्यंत लावलेली बटणं, आणि नजर कायम समोरच्याच्या बोटांवर. बॅटरीतल्या तेजाबाचा डाग आणि वास हाताला राहतो आणि त्यावरून चोर सापडतो, असं त्यांचं शास्त्र होतं. बॅटरीला कोण कशाला हात लावेल, हे विचारायची सोय नव्हती. "करंट चोरतेत," ते आवाज खाली आणून सांगत. "मले समजत नाई असं वाटते लोकायले."

म्हणून ते रोज संध्याकाळी बॅटरी सोडवून काढत, खांद्यावर घेऊन घरी नेत आणि खाटेखाली ठेवत. सकाळी आणून पुन्हा बसवत. दुपारी जेवायला जाताना परत तोच सोहळा. तेजाबाने सदऱ्याच्या उजव्या खांद्याची पार चाळण झाली होती. नुसता चहा प्यायला जायचं असलं, तर बॉनेटला सुतळी बांधून तिला सात गाठी मारत, आणि आल्यावर त्या मोजत. कधी आठ भरल्या तर पुन्हा मोजत.

एवढं करूनही गाडी अधूनमधून रुसायची. जुनं यंत्र, ते रुसणारच. पण यंत्र आपणहून बिघडतं हे भाऊंना मुळीच मान्य नव्हतं. "कोणीतरी हात लावला," असं म्हणून ते चौकशीला बसत. शाळामास्तरांवर संशय होता, कारण ते मुलांना विज्ञान शिकवत. डॉक्टरांच्या शेळीवर होता. माझ्यावर तर होताच, कारण डिस्टिल्ड वॉटरच्या बाटल्या माझ्या ताब्यात. एकदा दौऱ्यावर आलेल्या मोठ्या साहेबांनी कौतुकाने बॉनेट थोपटलं, तर भाऊ अदबीने पुढे झाले. "साहेब, हात पाहू द्या जी." आणि साहेबांनी मुकाट्याने दाखवला! सहवासाने मीही बिघडलो. पोस्टमन जीपपाशी विडी पेटवायला थांबला, की खिडकीतून मी त्याच्या बोटांकडे बघत बसायचो. संध्याकाळी डॉक्टरांना भाऊंची नक्कल करून दाखवणं, ही मात्र माझी ठरलेली करमणूक होती.

संशयितांत पहिला नंबर बकाराम ढिवराचा. बकाराम नदीवर मासे धरायचा. त्याची झोपडी दवाखान्याला लागून, आणि ओलं जाळं तो आमच्या कुंपणावर, जीपपासून हातभर अंतरावर वाळत घालायचा. "एवढी नदी पडली हाये," भाऊ मला म्हणत, "तं जाळं इथीच काऊन वाळते? सांगा तुमी!" मला सांगता येत नसे, आणि त्यामुळे माझ्यावरचा संशयही वाढत असे.

एका उन्हाळ्यात बकारामची मुलगी शेवंता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दिवस भरले, कळा सुरू झाल्या, आणि सुईणीने एका सकाळी हात टेकले. डॉक्टरांनी तपासलं. मूल आडवं होतं. "हे इथे होणार नाही. आत्ताच्या आत्ता चांद्याला न्या," ते मला म्हणाले. तीस मैलांचा जंगलातला रस्ता. बैलगाडीने दुसरा दिवस उजाडला असता, आणि तेवढा वेळ शेवंताजवळ नव्हता.

तिला जीपमध्ये गोधडीवर निजवलं. उशाशी बकाराम, पायथ्याशी मी. भाऊंनी स्टार्टरवर पाय दिला. एकदा 'टक' झालं, आणि पुढे काहीच नाही. हॉर्न वाजेना, दिवे लागेनात. हँडल मारून मारून मी घामाघूम झालो. भाऊंनी काचेची पिचकारी आणून बॅटरीचं एकेक झाकण उघडलं, तेजाब ओढून पिचकारीतली गोळी बघितली. गोळी छान तरंगत होती, म्हणजे बॅटरी भरलेली होती. "बॅटरीत जीव हाये," ते पुटपुटले, "मंग गाडीत काऊन नाई येऊन राह्यला?"

मग त्यांची नजर हळूच बकारामकडे वळली.

"रात्री गाडीपाशी तूच बसला होता ना? हात दाखव!"

"बसलो होतो जी," बकाराम म्हणाला. "पोरीचं वरडणं घरात आयकवत नव्हतं. हात मंग पाहा, भाऊ. आंदी माह्या पोरीले न्या."

शेवंता गोधडी मुठीत धरून कण्हत होती. मी चिडून बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवरची तारेची पकड हलवली, तर ती सैल बांगडीसारखी गरकन फिरली. बोल्ट शेवटपर्यंत आवळला तरी फिरतच राहिली. खुंटीच झिजून बारीक झाली होती.

"कोणी तासली ही?" भाऊ ओरडले.

"कोणी नाही," मी म्हणालो. "शिसं मऊ असतं, भाऊ. तुम्ही ती दिवसातून दोनदा काढता आणि दोनदा लावता."

त्यांनी खुंटीवरून अंगठा फिरवून पाहिला. मला तेव्हा त्यांची दया आली नाही, रागच आला. "शिशाचा पातळ तुकडा मिळाला तर मध्ये बसवता येईल," मी म्हणालो, "पण या गावात शिसं कुठून आणायचं?"

बकाराम उडी मारून उतरला. कुंपणावरचं जाळं पाण्यात बुडावं म्हणून त्याच्या काठाने शिशाचे मणी ओवलेले होते. त्यातले दोन त्याने दाताने दोरी तोडून काढले आणि भाऊंच्या हातात ठेवले. भाऊंनी ते दगडावर हातोडीने ठोकून पानासारखे चपटे केले, खुंटीभोवती गुंडाळले, वरून पकड आवळली. स्टार्टरवर पाय देताच इंजिन गरजलं. भाऊंनी गाडी थांबवली ती चांद्याच्या इस्पितळाच्या दारातच.

दुपार कलली तेव्हा नर्स बाहेर आली. मुलगी झाली होती. बकाराम मटकन खाली बसला आणि रडायला लागला.

"माय बोलते काय?" भाऊंनी विचारलं.

"बरी आहे ती."

"तसं नाई जी. बोलते काय?"

"बोलते की! बापाला आत बोलावते आहे," नर्स वैतागून म्हणाली.

बकाराम आत गेला. भाऊ आणि मी कडुनिंबाखाली उभे राहिलो.

"सिरोंच्याकडं होतो मी," ते एकदम म्हणाले. "ट्रक चालवत होतो. बायकोले असंच घेऊन निघालो होतो. मधात जंगलात गाडी बंद पडली. माहं डोकं सारं बॉनेटमंदी. थे मांगून काहीतरी बोलत होती. मी म्हनलं, थांब, आंदी गाडी पाहू दे. मंग तिचा आवाज आला नाई. काय म्हणत होती, थे मले आजवर मालूम नाई. कोणी दुसऱ्यानं बिघाड केला असन, असं म्हनलं का जराशी झोप लागते, बाबू."

नकलांची आठवण होऊन मला माझीच लाज वाटली. मान खाली घालून मी म्हणालो, "चला भाऊ, अंधार व्हायच्या आत निघू."

भाऊ तिथे नव्हतेच. ते वॉर्डाच्या खिडकीखाली जाऊन भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून उभे राहिले होते. आत शेवंता क्षीण पण ठसक्याच्या आवाजात बापावर खेकसत होती, की घरी कोंबड्यांना दाणे कोण टाकणार, आणि धोतर एवढं मळकं का. मी जवळ जाऊन पुन्हा चला म्हणालो. डोळे न उघडता भाऊंनी हात वर केला.

"थांबा जी," ते म्हणाले. "बोलून राह्यली थे."