मागच्यांना ऐकू यायलं का?

भर समुद्रात, चारचौघांसमोर, मी माझ्या सासऱ्यांची ओळख "हे आमचे गाईड" अशी करून दिली. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. ते गाईडच होते. वेरूळच्या लेण्यांत पार्ट्या फिरवण्यात त्यांचा सगळा जन्म गेला. तरीही माझ्या तोंडून निघालेली ती सगळ्यात मोठी थाप होती. ती कशी मारली गेली हे सांगायचं, तर आधी नाना सांगायला हवेत.

गुडघ्यांनी पायऱ्या चढायला नकार दिला तेव्हा नाना आमच्या उस्मानपुऱ्यातल्या फ्लॅटवर राहायला आले. सासूबाई आधीच गेल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात गॅस सिलिंडरवाला आला. मी कामावरून आलो तर तो सिलिंडर खांद्यावर तसाच घेऊन आमच्या बेडरूममध्ये उभा होता आणि नाना त्याला सांगत होते, "ही खोली आधी नव्हती बरं का. ही गॅलरी होती. पाव्हण्यांनी भिंत घातली. आता जरा इकडं यावं. पायाखाली बघा, उंबरा हाय." पाव्हणं म्हणजे मी, त्यांचा जावई.

"बाबा, किचन दाखवा ना," तो काकुळतीनं म्हणाला.

"किचन शेवटी," नाना म्हणाले.

दुधवाला, कुरियरवाला, वीजमीटर बघणारा, कोणीही आमच्या घरातून फेरी मारल्याशिवाय सुटला नाही. पंख्याला इतिहास होता, सोफ्याला होता. तो खरा असायचाच असं नाही. लेण्यांतही नानांचा इतिहास पार्टी पाहून कमीजास्त व्हायचा. "पार्टी थकली असंल तर दोन राजे गाळायचे," हे त्यांचं धोरण. मात्र "डोकं सांभाळा" एवढं वाक्य त्यांना जपानी, कोरियन आणि फ्रेंचमध्ये अचूक यायचं. त्यापुढचं काही यायचं नाही. "पुढचं लागतच नाय. डोकं वाचलं की मानूस खूश."

दुसरं वेड म्हणजे एक प्रश्न. कैलास लेणं कळसापासून पायाकडं कोरत आणलेलं. त्यामुळं जगात काहीही उभं दिसलं की नाना विचारायचे, "हे खालून वर केलं, का वरून खाली?" उड्डाणपूल, मॉल, लग्नाचा मांडव, माझ्या बायकोनं लावलेली डब्यांची उतरंड, काहीही. उत्तर "खालून वर" आलं की त्यांचा रस संपायचा. "खालून वर कोनीबी करतं."

आणि तिसरं म्हणजे ते वाक्य. दर दहा मिनिटांनी मान उंच करून ते विचारायचे, "मागच्यांना ऐकू यायलं का?" समोर एकटा सिलिंडरवाला असला तरी विचारायचे. लहानपणी त्यांनी लेण्यांच्या माथ्यावर मेंढरं राखलेली. "मेंढरू काय आन् मानूस काय, एक कायम मागं रेंगाळतं. आधी त्याची चौकशी करायची. पुढचे काय, जातेत बिचारे आपल्या पायानं." माझ्या घरातही दोन पिढ्यांमागं मेंढरंच होती. नाना ते भेटेल त्याला सांगायचे. मी कोणाला सांगत नसे.

जेवणाच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता. लेण्यांजवळच्या हॉटेलात पार्टी आत जेवायची आणि नाना बाहेर कठड्यावर बसून आपली भाकरी खायचे. "पार्टीच्या ताटात गाईडनं डोकवायचं नाय." ही सवय इतकी मुरली की लग्नकार्यातही ते हॉलच्या दाराशी उभे राहायचे. सगळे जेवून हात पुसत बाहेर आले की मग आत जायचे. माझ्या लग्नातही तसंच झालं, पण मुलीचा बाप शेवटीच जेवतो, म्हणून ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

वाळूजला माझं लहानसं प्रेस शॉप आहे, तिथं पत्र्याचे पार्ट दाबून काढतो. ज्या कंपनीला मी पार्ट पुरवतो, तिनं एका वर्षी आम्हा सगळ्या पुरवठादारांना मुंबई-गोवा क्रूझवर न्यायचं ठरवलं. माणशी एक जोडीदार चालणार होता. सुनीताला, म्हणजे माझ्या बायकोला, रिक्षातसुद्धा मळमळतं. ती म्हणाली, "माझ्या जागी नानांना न्या. त्यांनी जगभरची माणसं बघितली, समुद्र नाही बघितला."

नानांनी हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी ते शिंप्याकडं गेले. पांढरा सफारी शिवून घेतला. घरी आरशासमोर उभे राहून मला म्हणाले, "पाव्हणं, जल्मभर पार्ट्या फिरवल्या. ह्या येळंला मी पार्टी. आपन आत बसायचं, टेबलाशी. मला ते काटाचमच्याचं जरा दाखवून ठिवा."

मग आठवडाभर रोज रात्री नाना भाकरीचे तुकडे काट्यानं खायचा सराव करत होते. शिकवता शिकवता सुनीता हसून हसून बेजार व्हायची.

जहाजावर पाय ठेवल्याबरोबर त्यांनी स्वागताला उभ्या असलेल्या गणवेशातल्या माणसाला विचारलं, "क्यों मियां, ये नीचे से ऊपर बनाया, का ऊपर से नीचे?"

तो म्हणाला, "वेलकम सर."

"याला म्हाईत नाय," नाना मला म्हणाले.

संकटात लाइफ जॅकेट कसं घालायचं हे एक मुलगी दाखवत होती. दोन-तीनशे माणसं, निम्मी फोनमध्ये. नानांनी हात वर केला. "मॅडम, मागच्यांना ऐकू यायलं नाय." सगळीकडं हशा पिकला. त्या मुलीनं मात्र माईक घेऊन पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. मी खाली मान घालून बुटाच्या नाड्या बांधत होतो. माझ्या बुटांना नाड्या नव्हत्या.

खरं सांगायचं तर मी दुसऱ्याच काळजीत होतो. कंपनीच्या परचेस खात्याचे मोठे साहेब बायकोसह जहाजावर होते. पुढच्या वर्षीचं काम कोणाला द्यायचं ते त्यांच्या हातात होतं. रात्रीच्या जेवणाला आमची जागा नेमकी त्यांच्याच टेबलावर धरली होती. सहा खुर्च्या, त्यातल्या दोन आमच्या.

जेवणाच्या हॉलच्या दाराबाहेर एका कलिंगडातून कोरलेला मोर मांडला होता. नाना तिथं थबकले. वाकून बघितलं, मागून बघितलं. त्यांचा चेहरा उजळला. "पाव्हणं! कोरीव हाय!" आणि वळून, रांगेत उभ्या असलेल्या लोकांना उद्देशून त्यांनी सुरुवात केली, "या, जरा इकडं यावं. हा मोर एका अखंड कलिंगडातून काढलाय. जोड कुठंच नाय. वरून खाली कोरत आनलाय. एक घाव चुकला की कलिंगड बी गेलं आन् मोर बी गेला. इथं लाल दिसायलं, हा रंग नाय, आतलंच हाय. मागच्यांना ऐकू यायलं का?"

"यायलं, यायलं!" मागून कोणीतरी ओरडलं. लोक हसत होते, फोटो काढत होते. गर्दीत साहेब आणि मॅडमही होत्या. साहेब हसतच माझ्याकडं वळले. "कोण हो हे? तुमच्याबरोबर आहेत ना?"

एवढा साधा प्रश्न. "सासरे" हा तीन अक्षरांचा शब्द आहे. पण पांढऱ्या सफारीतला तो कलिंगडापुढं हातवारे करणारा माणूस मी साहेबांच्या डोळ्यांनी पाहिला, आणि माझ्या तोंडून निघालं, "हे आमचे गाईड. वेरूळचे."

"वा! गाईड घेऊन फिरता!" साहेब खूश झाले.

नानांनी ऐकलं. मोराच्या तुऱ्यावर रोखलेलं त्यांचं बोट क्षणभर तसंच राहिलं. मग त्यांनी हात मागं बांधले, दोन पावलं सरकले आणि हॉलचं दार उघडून धरलं. आवाज अगदी धंद्यातला. "चला, पार्टीनं आत बसून घ्यावं. निवांत जेवा. मी बाहेर हाय."

मी आत गेलो. त्यांनी धरलेल्या दारातून गेलो.

टेबलाशी वेटरनं विचारलं, "सर, ये सीट पे कोई आनेवाला है?" मी पाण्याचा ग्लास उचलला. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली, मग ताट, काटे, चमचे, घडी घातलेला रुमाल सगळं उचलून नेलं. खुर्चीही नेली.

सूप आलं. साहेब कच्च्या मालाच्या भावाबद्दल बोलत होते. मॅडमनी विचारलं, मिसेस नाही आल्या का. मी म्हणालो, तिला बोट लागते. पनीर आलं, भात आला, कशावर तरी ठेवलेलं आईसक्रीम आलं. मी सगळं खाल्लं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर मी स्वतःला पुष्कळदा समजावलंय की घास उतरत नव्हता. उतरत होता.

मग करमणूक सुरू झाली. जादूगारानं साहेबांच्या खिशातून रुमालांची माळ काढली. एक अँकर माईक घेऊन आला. त्याचा आवाज नीट लागत नव्हता. मागच्या टेबलांवरून कुरकुर आली, पण तो आपला पुढच्यांशीच बोलत राहिला. आणि मी सवयीनं वाट पाहिली. आता कोणीतरी विचारेल, मागच्यांना ऐकू येतंय का. कोणी विचारलं नाही.

मी मागं वळून दाराकडं बघितलं. काचेपलीकडच्या बाकावर नाना आमच्याकडं पाठ करून बसले होते. मी उठून बाहेर गेलो. सुनीतानं प्रवासासाठी बांधून दिलेल्या दशम्या त्यांनी मांडीवर सोडल्या होत्या. सफारीला डाग पडू नये म्हणून खाली फडकं अंथरलं होतं.

"झालं का पार्टीचं?" ते म्हणाले. "घाई नका करू. शो बघून घ्या."

"नाना, आत चला."

"नको. तुमच्या धंद्याची मानसं हायेत. मला सवय हाय की." आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं. त्यांनी दशमीचा तुकडा मोडला, थांबले, आणि जरा हळू म्हणाले, "पाव्हणं, एक करा. सुनीला सांगा, नाना आत बसले, टेबलाशी. काट्यानं जेवले. पोरगी लई हौसेनं शिकवीत होती."

मी दशमीची पुरचुंडी बांधली, त्यांचा हात धरला आणि दार ढकललं. त्या वेळी अँकर विचारत होता, पाहुण्यांपैकी कोणाला गाणं, विनोद, काही सादर करायचंय का. नानांना दाराशी सोडून मी तसाच पुढं गेलो आणि माईक मागून घेतला. त्याआधी मी आयुष्यात कधी माईक हातात धरलेला नव्हता. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, मी गाणार.

"मघाशी मी," मी सुरुवात केली, "एक ओळख चुकीची करून दिली. ते जे दाराशी उभे आहेत..." पुढचं मी बोललो, पण माईक पोटाशी होता आणि नजर गालिच्यावर. पहिल्या टेबलापलीकडं काही गेलं नसावं. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली.

तेवढ्यात अगदी मागून, दाराकडून, खणखणीत आवाज आला.

"पाव्हणं, मागच्यांना ऐकू यायलं नाय!"

ती नुसती सवय होती की आणखी काही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. सगळा हॉल हसला, आणि मग माझ्याकडं बघत गप्प झाला. मी माईक तोंडाजवळ आणला, मान वर केली, आणि सगळ्यात मागं उभ्या असलेल्या पांढऱ्या सफारीकडं बघून पुन्हा पहिल्यापासून म्हणालो,

"हे माझे सासरे आहेत. माझ्या टेबलावरची एक खुर्ची त्यांची आहे, ती मी काढू दिली. नाना, माझं चुकलं."