गायरान चकाचक!

"फंडाचा दुसरा हप्ता माह्या मुठीत हाये, समजून घ्या!" रोहणा गावच्या पारावर रूपरावांनी मिशीला पीळ दिला. "मॅडम आली का अशी खूश करून धाडतो!"

पाऊस लहरी झालेला, ऊन दरसाल वाढतं. जमिनीत ओल टिकावी म्हणून एक संस्था गावाला पैसे देत होती. अट एकच. गायरानात आणि शेतांच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, गवत, बोरी, तित्तरांसारखी पाखरं सारं पुन्हा येऊ द्यायचं. गावसमितीचे अध्यक्ष रूपराव. त्यांनीच घरोघर हातापाया पडून लोकांना गुरं बांधायला लावली, विळे खुंटीला टांगायला लावले. आता हप्ता बुडाला असता तर गावानं त्यांनाच खुंटीला टांगलं असतं!

पण रूपरावांना स्वच्छतेचं भारी वेड. अंगणात पान पडायच्या आधी खराटा हजर! त्यातून मोठा पाहुणा येणार म्हटलं की गाव झाडायचं, चुन्याच्या रेघा ओढायच्या, ही रीतच.

"ते गायरान पाहाले येऊन राह्यली ना? मंग गायरानच झाडा!"

झाडलं की! गवत कापलं, बोरी तोडल्या, उरलेल्या बाभळींना चुना-गेरू फासला, मधोमध रांगोळी काढली. काट्यांचा डोंगर मॅडमच्या नजरेस पडू नये म्हणून रूपरावांच्याच अंगणात नेऊन टाकला. तोवर सगळ्यांच्या हाताला फोड आले, म्हणून धुरे तेवढे वाचले.

आठवड्यानं संस्थेच्या सपना मॅडम वर्ध्याहून जीपनं आल्या आणि जागीच थिजल्या.

"झुडपं कुठं गेली?"

"काहाडली, मॅडम! चकाचक!"

"आणि तित्तरं?"

"त्यायलेबी हाकललं! लय घाण करत होते!"

मॅडम मटकन खाली बसल्या, थेट रांगोळीत. सारं गाव रूपरावांकडे बघू लागलं.

तेवढ्यात मागून त्यांच्या बायकोचा, शकुंतलाबाईंचा, आवाज आला. "अजी, तुमी हाकललेले पाहुणे आपल्या अंगनात हायेत. पिल्लं घेऊन काट्यात घुसले!"

मॅडम धावत सुटल्या. पिल्लं पाहिली आणि विरघळल्या. "धुरे शाबूत आहेत, म्हणून हप्ता देते. पण गायरान पुन्हा वाढेपर्यंत हा ढीग हलवायचा नाही. अंगणात खराटा फिरवायचा नाही!"

"अवो मॅडम, इथं गुंजनचं लगन हाये! पोरीचा मांडव!"

"मग लावा की. हळू आवाजात!"

लागलं लग्न! बँडवाल्यांना आधीच जेवायला बसवलं. भटजी मंगलाष्टकं कानात सांगितल्यासारखी म्हणत होते. 'सावधान' झालं आणि ढिगातून तित्तरानं असा काही गळा काढला की नवरदेवाच्या हातातला हारच खाली पडला! वऱ्हाड हसून लोळलं.

अंगणभर अक्षतांचा सडा पडला. रूपरावांचे हात शिवशिवू लागले, पण खराटा शकुंतलाबाईंनी कुलपात ठेवलेला! ते तळमळत उभे असतानाच तित्तरीण पिल्लं घेऊन बाहेर आली आणि त्या पाखरांच्या कुटुंबानं दाणा न् दाणा टिपला.

"पाहा जी," शकुंतलाबाई म्हणाल्या, "तुमच्या खराट्यानं आंगन एवढं साफ कधीच नाई झालं!"